दुसऱ्या शेडमधले भाऊजी

कोंबड्यांच्या खाद्यात लसूण आणि हळद घातली की त्यांच्या पोटातले जंत कमी होतात, असं बायको म्हणाली तेव्हा पोल्ट्रीवाल्याने नाक मुरडलं.

"असल्या घरगुती उपायांवर माझा काडीचा विश्वास नाही. एका शेडला लसूण घाल, दुसरीला घालू नकोस. शेवटी दोन्हीकडची एकेक कोंबडी कापून आतडी बघू. मगच मानेन."

बायकोने तसंच केलं. लसणाच्या शेडमधल्या कोंबडीची आतडी स्वच्छ निघाली. तरी हा गडी आपला हेका सोडेना. "कोंबडीचं ठीक आहे गं. माणसाचं काय?"

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ताटात लसूणच लसूण. शेजारी बसलेल्या धाकट्या भावाच्या ताटात मात्र सगळं सपक.

"वहिनी, मला का नाही?"

"भाऊजी, तुम्ही दुसऱ्या शेडमधले."

पोल्ट्रीवाला पोट धरून हसला. महिनाभर त्याने बोटं चाटत लसूण हाणला. भाऊ पोटाच्या तक्रारीने बेजार, हा मात्र ठणठणीत. शेवटी एका दुपारी जेवता जेवता त्याने हात टेकले. "अगं, हरलो बाई मी! पटलं मला."

"अहो, नुसतं पटून कसं चालेल?" बायकोने शेडमधली सुरी धुऊन पुसून ओट्यावर ठेवली.

धाकटा भाऊ हळूच उठून दाराकडे सरकला.

"भाऊजी, थांबा ना," ती मायेने म्हणाली. "दोन्हीकडचा एकेक लागतो."