शेवटच्या रांगेतली दाद

“मामी, मामाजींना एकदम मागं बसवजो. वाह-वाह नाही, क्या बात है नाही, मांडीवर ताल तर बिलकुल नाही. मेरा पहला प्रोग्राम है, मामी.”

भाचीचे, क्षमाचे, हे कालचे शब्द आठवत सुशीलाबाईंनी नवऱ्याला रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या त्या सभागृहात शेवटच्या रांगेत बसवलं. तोंडानं सांगून नव्हे, बोट दाखवून. आज एकादशी. एकादशीला सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत त्या बोलत नसत. अकरा वर्षांत हे मौन एकदाही मोडलं नव्हतं.

श्यामराव रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. गाण्याच्या बैठकीत गायकाच्या आधी त्यांचाच आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. “एक शब्द बोलणार नाही, बस?” ते म्हणाले, आणि रुमालाची घडी करून त्यांनी सरळ दातांत धरली.

क्षमानं तोडी सुरू केली. आवाज जरा कापत होता, पण सुरात होता. मधल्या रांगेतल्या दोन बाया शंकर नगरातल्या कोणाच्या तरी मुलीचं लग्न जमवण्यात गुंतल्या होत्या. चौथ्या रांगेतल्या सफारीवाल्या गृहस्थांचा मोबाइल वाजला. तो तिसऱ्या खिशात सापडला. “हाँ भैया, प्रोग्राम में हूँ, बोलो!” गाण्यापेक्षा हे जास्त स्पष्ट ऐकू आलं.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. रायपूर राजधानी झाल्यापासून पाहुण्यांना काही तोटा नव्हता, आणि प्रत्येकाला यायला उशीर व्हायचाच. आलाप अर्ध्यावर असताना निवेदकानं माईक हातात घेतला. “बस दो मिनट, क्षमा बेटी.” शाल झाली, नारळ झाला, गुलदस्ता झाला. मग ‘संगीत शांतपणे ऐकायला हवं’ या विषयावर पाहुणे बारा मिनिटं बोलले. क्षमा तानपुऱ्याजवळ हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

पुन्हा सुरू केलं तेव्हा आवाज पार खाली गेला होता. एकदा सम चुकली. तबलेवाल्यानं सांभाळून घेतलं. दुसऱ्यांदा चुकली. मधल्या रांगेत आता लग्नाची तारीख निघाली होती. क्षमानं मान वर केली, आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून तिची नजर थेट शेवटच्या रांगेवर आली. पाण्यात उतरलेलं पोर काठाकडे पाहतं, तशी.

सुशीलाबाई खुर्चीत पुढं सरकल्या. पोरगी आता उठून जाते की काय! त्यांनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. श्यामरावांनी रुमाल आणखी आत कोंबला. त्यांनी पुन्हा ढोसलं, डोळे मोठे केले, स्टेजकडे बोट केलं. श्यामरावांनी दोन्ही कान पकडले आणि मान खाली घातली.

क्षमानं तिसऱ्यांदा तीच जागा घेतली. कशीबशी, पण नेमकी समेवर आली. हॉलमध्ये कोणाला पत्ताही नव्हता.

“वाह!”

सकाळपासून न वापरलेला, घोगरा, बारीकसा आवाज. तरी मधल्या रांगेतल्या दोघी मागं वळल्या. सुशीलाबाई स्वतःही वळल्या असत्या, पण मागं भिंत होती.

क्षमाला हसू फुटलं. गाता गाता फुटलं, आणि पुढची तान त्या हसूसकट निघाली. तबलेवाल्यानं मान हलवली. पुढून कोणीतरी “अरे वा” म्हणालं. मधल्या रांगेतलं लग्न तेवढ्यावरच थांबलं.

श्यामरावांनी तोंडातला रुमाल काढला. “तू बोलली?” ते कुजबुजले.

“मग काय करू? तुम्हाला कोपर मारू मारू हात दुखला माझा.”

“मले वाटलं, चूप बसा म्हणून राहिली. आजवर कोपर त्याचसाठी तर मारला तू!”

सुशीलाबाईंनी हसू दाबलं. मग त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि चेहरा उतरला. पावणेअकरा. “देवाला काय सांगू आता?” त्या हळूच म्हणाल्या. “अकरा वर्षं सांभाळलं हो.”

श्यामरावांनी घड्याळ पाहिलं. बायकोकडे पाहिलं. “सव्वा तासच राह्यला ना? उरलेलं मी पुरं करतो. वचन देतो तुले. देवाला सांग, मौन घरातल्या घरातच आहे, फक्त ड्यूटी बदलली.”

“तुम्ही? सव्वा तास?” सुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

श्यामरावांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांची ड्यूटी सुरू झाली होती.

क्षमानं द्रुत बंदिश धरली. आता आवाजाला अंग आलं होतं. हॉल ऐकत होता. एवढ्यात चौथ्या रांगेतला मोबाइल पुन्हा वाजला. “हाँ भैया, हाँ! अभी चालू है, बोलो!”

श्यामरावांच्या मानेची शीर ताठ झाली. ती शीर सुशीलाबाईंच्या ओळखीची होती. आता हे ओरडणार! त्यांनी घाईनं कुडत्याचं टोक पकडलं.

श्यामरावांनी ते टोक हळूच सोडवून घेतलं. वाकून चपला काढल्या, आवाज न करता खुर्चीखाली सारल्या. उठले, दोन्ही हात जोडले, आणि अनवाणी पायांनी, भिंतीच्या कडेकडेनं चौथ्या रांगेकडे निघाले.