अरुंद वाट

बोगद्यात कोसळलेल्या दरडीखाली शिरलेल्या यंत्रमुंग्यांना माणसाचा श्वासही ऐकू यायचा. तरी त्या चालवणाऱ्या शलाकाच्या हेडसेटमध्ये काहीच येत नव्हतं. शेजारी त्याच जोडणीचा दुसरा हेडसेट लावून बसलेली हौसाबाई आत अडकलेल्या नवऱ्याला सारखी हाका मारत होती, "अवो, ऐकताय न्हवं? ओ द्या की!"

"आत कुणी जिवंत नाही," बचावकार्याचे साहेब म्हणाले. "पोकलेन लावा."

पोकलेनच्या धक्क्याने आतली पोकळीही बसली असती. हौसाबाईच्या माइकचा पेटलेला दिवा पाहून शलाका एकदम चमकली. मुंग्यांपर्यंतची बिनतारी वाट एकच आणि अरुंद होती. माइक चालू झाला, की निम्मी वाट बोलण्यात जायची आणि श्वासासारखे बारीक आवाज वाटेतच गाळले जायचे.

"मावशी, माइक बंद करा."

"आन् त्यास्नी एकटं वाटलं तर?"

"तुम्ही बोलताय, म्हणून ते ऐकू येत नाहीत."

हौसाबाईने बटण दाबलं. आवाज स्वच्छ झाला आणि डावीकडच्या मुंगीतून धापेसारखा श्वास आला. शलाकाने साहेबांना हातानेच थांबवून डावीकडे बोट दाखवलं.

हौसाबाईचं बोट पुन्हा बटणाकडे गेलं. मग तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती ऐकत राहिली.