मोकळ्या स्लॉटमधली नाडी

मृण्मयीचा डावा तळवा लॅपटॉपवर टेकला होता. त्याच्याखाली निरंजनची नाडी संथ उडत होती. त्याची बदली कोचीला झाली, तेव्हा इतर जोडप्यांप्रमाणे त्यांनीही लॅपटॉपच्या मोकळ्या स्लॉटमध्ये एकमेकांची नाडी दूरवरून तळव्याला पोचवणारी कार्डं बसवून घेतली होती.

तिने फोन लावला. तळव्याखालचे त्याचे ठोके धावू लागले.

“जेवलास?”

“हो गं! तू पुन्हा पोळी-चटणीवरच भागवलंस ना, आळशे?”

आवाज हसरा होता, नाडी मात्र परीक्षेला बसल्यासारखी. हा आनंदच असेल, असं तिने वर्षभर स्वतःला समजावलं होतं. पण फोन ठेवताच ती नाडी निवांत व्हायची, सुटल्यासारखी.

“निरंजन, माझी नाडी लागतेय ना हाताला? बघ, शांत आहे.”

“हो. का गं?”

“आपण वेगळे होऊ या.”