कॅन्यूट राजाची खुर्ची

गुरुजींच्या निरोपसमारंभात सरपंच उमेंद्र चांगलाच रंगात आला होता. "सहावीत गुरुजींनी आमाले व्हायकिंग राजा कॅन्यूटची गोष्ट सांगतली होती. तीन देशांचा राजा! समुद्राकाठी खुर्ची मांडून बसला अन् त्याच्या हुकमानं समुद्र थांबला. आमचे गुरुजीही तसेच! त्यांच्या शब्दाबाहेर गावात पान हालत नाही."

टाळ्या पडल्या. गुरुजी गळ्यातल्या हारासकट उठले, खुर्ची उचलली आणि भर रस्त्यात मांडून बसले. रानातून म्हशी घराकडे परतत होत्या. गुरुजींनी हात वर केला. "थांबा!"

एकही थांबली नाही. गुरुजींचं पांढरंशुभ्र धोतर शेणाचिखलानं माखलं. उमेंद्र धावत आला. "गुरुजी, हे काऊन करून राहिले?"

"अर्धीच गोष्ट ध्यानात ठेवली तू. समुद्र थांबला नव्हता, राजाचे पाय भिजले होते. तोंडपुज्यांना तेच तर दाखवायचं होतं त्याला. मग त्यानं मुकुट काढून देवाला वाहिला. पुन्हा कधी घातला नाही."

उमेंद्रची मान खाली गेली. तेवढ्यात मागून आलेल्या सोमा गुराख्यानं नुसतं "होऽऽ" केलं आणि सगळा कळप जागच्या जागी उभा राहिला.

गुरुजींनी गळ्यातला हार काढला आणि सोमाच्या गळ्यात घातला.