फालेतोलूचा ताप

"पाद्रीबुवांनाही चढला," फोनवर फालेतोलू बेटाचे सरपंच मुलिपोला म्हणाले. "काल प्रवचन देताना नुसते थरथरत होते. लोकांना वाटलं, देवच अंगात आला."

पेनीना हसली नाही. पागो पागोच्या आरोग्य कचेरीत बसून दर सोमवारी लांबच्या बेटांवर फोन करायचा आणि कुठे ताप आहे का ते विचारायचं, हे तिचं काम. प्रत्येक गावाच्या वतीने सरपंचच बोलणार. त्यांना डावलून दुसऱ्या कोणाला विचारणं म्हणजे अख्ख्या गावाचा अपमान.

"आणि लुपेची मुलं? गेल्या सोमवारी कणकणत होती म्हणालात ती?"

"धाकटीचं अंग तव्यासारखं तापलंय."

"डोळ्यांच्या मागे दुखतं? पुरळ आलंय?"

पलीकडून समुद्राची गाज येत होती. "तू म्हणतेस तस्संच, पोरी."

"डेंग्यूच दिसतोय. पाणी पाजत राहा. ॲस्पिरिन अजिबात देऊ नका."

"नाही देत. तू जेवलीस का?"

"सरपंच, आणखी कोण आजारी आहे?"

"तालोच्या घरचे सगळे आडवे. डुक्कर तेवढं ठणठणीत. आता ते कापायचं कोणी, हीच पंचाईत."

गेल्या साथीत दुसऱ्या एका बेटाकडे बोट उशिरा निघाली होती. तेव्हा एका आईने आपलं पोर पेनीनाच्या हातात दिलं होतं, आणि ते गार होतं. या खेपेला ती साहेबांच्या टेबलापुढून हललीच नाही. शेवटी साहेबांनी वैतागून बोट दिली. सलाइनच्या बाटल्या, रक्ततपासणीचं सामान, डासांसाठी धुराचं यंत्र, सगळं घेऊन ती निघाली आणि वाटभर ओकत राहिली.

धक्क्यावर सरपंच इस्त्रीची लुंगी नेसून उभे होते. हातात फुलांची माळ होती. "आधी गरम कोको घे," ते म्हणाले.

"आधी लुपेचं घर दाखवा."

"ते काय, फणसापलीकडे. पण कोको..."

ती पिशवी घेऊन पळत सुटली. लुपेच्या दारावर फळ्या ठोकलेल्या होत्या. शेजारच्या दारावरही. चर्चच्या पायऱ्यांवर वेली माजल्या होत्या.

सरपंच धापा टाकत मागून आले.

"मुलं कुठे आहेत?" ती ओरडली.

"होनोलुलूला. कधीचीच. पाद्रीबुवाही तिकडेच गेले. आता मी एकटाच असतो इथे." त्यांनी हळूच माळ तिच्या गळ्यात घातली. "ताप नाही म्हटलं की तू लगेच फोन ठेवतेस, पोरी."