नवी नळी

पडद्यावरची रेघ सपाट होती. धाकट्या भावाने टेबलावर थाप मारली. "बघ ताई! नामोनिशाण नाही. आता तरी कर सही."

ताई या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ. सहीसाठी भाऊ सकाळपासून तिच्या डोक्यावर बसला होता. त्याने बनवलेल्या यंत्रातून कारखान्याच्या नाल्याचं पाणी फिरवलं, की वर्षानुवर्षं न मोडणारं विषारी रसायन मोडतं म्हणे. तिची सही झाली की यंत्र त्या नाल्याने नासलेल्या वस्तीच्या विहिरीवर बसणार आणि लोक ते पाणी पिणार.

"गेलं खरं," ती म्हणाली. "पण कुठे गेलं?"

"मोडलं!"

"बरणी फुटली तर काचा सापडतात ना? हा मास स्पेक्ट्रोमीटर रेणूंचं वजन सांगतो. मोठा रेणू मोडला असता, तर लहान तुकडे दिसायलाच हवे होते. इथे एकही नाही."

"तुला ना, खुसपट काढल्याशिवाय चैनच पडत नाही. सख्ख्या भावावरही विश्वास नाही!"

"तुझ्यावर आहे. तुझ्या नळीवर नाही."

यंत्रात रसायन मोडण्यासाठी अतिनील किरणांचा दिवा होता आणि त्याभोवती पाणी फिरवणारी प्लॅस्टिकची लांब नळी गुंडाळलेली होती. ताईने तिचा बोटभर तुकडा कापला, मेथॅनॉलमध्ये खळबळून धुतला आणि ते धुवण तपासायला लावलं. भाऊ फुरंगटून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

पडद्यावर भलामोठा सुळका चढला. वजन तेच, रेणू अख्खा. मोडलंबिडलं काही नव्हतं. रसायन नळीला चिकटून खुशाल बसलं होतं. पुढेमागे सुटून पुन्हा पाण्यात यायला मोकळं.

भावाचं तोंड एवढंसं झालं. तिला फार वाईट वाटलं. या यंत्रापायी पोरगा कित्येक महिने धड जेवला नव्हता. पण मनातला संशय काही गप्प बसेना. इतके महिने नाल्याचं पाणी प्यायलेली नळी अशी पांढरीशुभ्र कशी?

"ही नवी आहे का रे?"

"कालच बदलली. जुनी पिवळी पडली होती. म्हटलं, तुझ्यासमोर न्यायची तर जरा बरी दिसावी."

"एका दिवसात नवीला एवढं चिकटलं? मग जुनी कुठे आहे?"

"आईने नेली. चांगली धडधाकट आहे, टाकतोस कशाला, म्हणाली."

"कशासाठी नेली?"

"ते नाही विचारलं मी." ताईने घाईघाईने घरी फोन लावला.

"थांब गं जरा," पलीकडून आई म्हणाली, "प्यायचं पिंप भरतेय." मागे पाण्याची धार पडत होती.