फटीतला कापूस

भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्यावर सगळ्या मासेमारांनी फायबरच्या होड्या घेतल्या आणि भिकाजी मिस्तरींकडे लाकडी होडी दुरुस्तीला येईनाशी झाली. हातचं काम सुटलं तशी त्यांची अन्नावरची वासना उडाली. त्यांनी अंथरूण धरलं. शेवटी सून शालन एका मासेमाराची टाकून दिलेली होडी टेम्पोत घालून घेऊन आली.

"मामा, मालकाला घाई न्हाई. सावकाश करा," तिनं खोटंच सांगितलं.

मिस्तरी उठून कामाला लागले. पाणी आत झिरपू नये म्हणून रोज सकाळी ते फळ्यांच्या फटींत कापूस ठासायचे. दुपारी जेवून त्यांचा डोळा लागला, की शालन त्यातला थोडा कापूस नखांनी उकरून काढायची. होडी पुरी झाली तर मामा पुन्हा अंथरूण धरतील, ही तिला धास्ती. असे सात महिने गेले.

काल ती जेवणाचं ताट घेऊन शेडमध्ये गेली, तेव्हा मिस्तरींनी तारेचा एक छोटा आकडा तिच्या हातावर ठेवला. त्याला सागाची गुळगुळीत मूठ बसवली होती.



"कापूस ह्यानं काढत जा, पोरी. नखं लई दुखत असतील."